नवे ज्ञानग्रंथ आणि पालघरचा वाचक

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, साहित्य आणि संस्कृती मंडळ अस्तित्वात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये वाचकांच्या हाती पडला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान यांचा मार्ग खुला केला. ज्ञान मराठीत यावे आणि ते गावापर्यंत पोचावे, अशी ही दुहेरी दृष्टी होती. इतिहास, समाजशास्त्र व विज्ञान या क्षेत्रांत आज सातत्याने नवे ग्रंथ प्रसिद्ध होत आहेत. पालघर, बोईसर, तारापूर या परिसरातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना त्यांचा कोणता उपयोग आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र, लगतच बोईसरची औद्योगिक वसाहत आणि पूर्वेकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ पाडे, असे या जिल्ह्याचे स्वरूप आहे. साहजिकच अनेक विद्याशाखांच्या अभ्यासकांचे लक्ष या भूमीकडे वेधले गेले आहे.

सरासरीमागील माणसे

नवा ग्रंथ का वाचावा, याचे उत्तर एका साध्या आकड्यात मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. त्याच जनगणनेतील आजच्या पालघर जिल्ह्याचे तालुके वेगळे काढले, तर लोकसंख्या सुमारे ३० लाख भरते आणि हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर जाते. माणसे तीच, जनगणनाही तीच. केवळ सीमारेषा बदलली. ठाणे, कल्याण, मिरा-भाईंदर यांसारख्या शहरांच्या सरासरीत मोखाड्याचा पाडा झाकला जात होता.

यास्तव २०१४ पूर्वीच्या पुस्तकातील ‘ठाणे जिल्हा’ हा शब्द वाचताना त्यात कोणते तालुके धरले आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते. शाळा, आरोग्य वा पाणीपुरवठा यांचा आराखडा जुन्या सरासरीवर बेतला, तर ज्याला गरज अधिक त्याच्या वाट्याला कमी येण्याचा धोका असतो.

एक समाज, तीन ग्रंथ

वारली समाजावरील तीन ग्रंथांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या जमातीच्या चालीरीतींचे वर्णन आहे. त्याच वर्षी वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. त्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये निघाले व पुढे त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८८ मध्ये यशोधरा दालमिया यांनी वारली चित्रकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

पहिल्या ग्रंथात रूढी दिसतात, दुसऱ्यात अन्याय व प्रतिकार दिसतो, तर तिसऱ्यात लग्नाच्या चौकातील कला दिसते. यांपैकी एकच वाचणाऱ्याच्या मनात अपुरे चित्र उभे राहील. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर वारली चित्रे सर्वतोमुखी झाली. परंतु चित्र भिंतीवर लावणाऱ्याला जमिनीचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. कोणताही एक ग्रंथ म्हणजे संपूर्ण समाज नव्हे, हा सामाजिक शास्त्रांच्या वाचनाचा पहिला धडा होय.

विज्ञानाची भाषा

वैज्ञानिक ग्रंथांत आकड्याचे वर्ष व मोजण्याची पद्धत यांना विशेष महत्त्व असते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या. जुन्या पुस्तकांत त्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट दिलेली आढळते. पुढे ती प्रत्येकी १६० मेगावॉट निश्चित करण्यात आली. तिसरा व चौथा संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचा असून ते २००५-०६ या काळात उत्पादनात आले. या नव्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांचे पुनर्वसन करावे लागले. ऊर्जेचा ग्रंथ मेगावॉट सांगतो. स्थलांतराचा हिशेब समाजशास्त्राच्या ग्रंथात शोधावा लागतो. दोन्ही वाचल्याखेरीज विकासाचे पुरते आकलन होत नाही.

औद्योगिक वसाहतीबाबतही असेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे देशात सर्वाधिक होता. ७० वा त्याहून अधिक निर्देशांक असलेले क्षेत्र अतिप्रदूषित मानले जाते. हा आकडा हवा, पाणी व जमीन या तिन्हींच्या पाहणीतून सिद्ध होतो. म्हणून केवळ एकत्रित आकड्यावर न थांबता कोणता घटक अधिक बिघडला आहे, हे पंचायतीने विचारावयास हवे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसू लागले, तेव्हा अनेक अफवा पसरल्या. रिश्टर मापनात एका अंकाची वाढ म्हणजे सुमारे ३२ पट अधिक ऊर्जा, एवढे शिक्षकाने वर्गात समजावून सांगितले तरी भीतीला विवेकाचा आधार मिळतो. शास्त्रज्ञ कारणांविषयी ‘असावे’ असे म्हणतो तेव्हा तो अज्ञान लपवीत नसतो; पुराव्याची मर्यादा सांगत असतो.

ग्रंथाची पारख

नवा ग्रंथ हाती आल्यावर काही प्रश्न अवश्य विचारावेत. लेखकाने माहिती प्रत्यक्ष पाहणीतून मिळविली की दुसऱ्याच्या लेखनातून घेतली? पाहणी कोणत्या गावांत व कोणत्या वर्षी झाली? ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांचे म्हणणे ग्रंथात आहे काय? विरुद्ध मताची दखल घेतली आहे काय? शेवटी सूची व संदर्भ दिले आहेत काय? या प्रश्नांना उत्तरे न देणारा ग्रंथ नवा असूनही उणा समजावा. उत्तरे देणारा ग्रंथ जुना असला तरी उपयुक्त ठरतो. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर आजही अभ्यासक उघडतात, ते याच कारणाने. मात्र त्यातील शासकीय दृष्टी परकीय राज्यकर्त्यांची होती, याचे भान सुटता कामा नये.

ग्रंथालयाचे कर्तव्य

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. या जिल्ह्याविषयीचे पुष्कळसे संशोधन इंग्रजीत असते. ज्यांच्या पाड्यावर अभ्यास झाला, त्यांनाच त्याचे निष्कर्ष कळत नाहीत, ही स्थिती न्याय्य नव्हे. माधव गाडगीळ यांचे आत्मचरित्र २०२३ मध्ये इंग्रजीबरोबरच मराठीतही प्रसिद्ध झाले. इतर शास्त्रज्ञांनी हा पायंडा अनुसरावा.

तोवर स्थानिक पातळीवरही बरेच करता येईल. मान्यताप्राप्त ग्रंथालयांनी वार्षिक खरेदीत कथा-कादंबऱ्यांबरोबर जिल्ह्याविषयीच्या अभ्यासग्रंथांसाठी एक कपाट राखून ठेवावे. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी अशा एकेका ग्रंथाचा चार पानी मराठी सारांश करून ग्रामपंचायतीस द्यावा. मराठी विश्वकोश संगणकावर व भ्रमणध्वनीवर विनामूल्य उपलब्ध असल्याने अवघड संज्ञांचा अर्थ शाळेतच पाहता येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला निर्णयाचे अधिकार दिले आहेत. हे अधिकार नीट वापरता यावेत, यासाठी सभेपुढे ठेवलेला अहवाल वाचून त्यावर प्रश्न विचारू शकणारे दोन-चार सभासद तरी प्रत्येक गावात तयार झाले पाहिजेत.