साधा रुग्ण
प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींना मी मुद्दाम साधेच रुग्ण देते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा तिसरा दिवस, ताप नाही. त्यांना वाटते, इथे शिकायचे काय? मी श्वास मोजायला सांगते. नाडी पाहून झाली तरी बोटे मनगटावरून काढायची नाहीत. नजर छातीवर, पुरे एक मिनिट. मोजणी चालली आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. प्रौढाचे १२ ते २० ठीक. तक्त्यावर मात्र सर्रास २० आढळतात, न मोजताच! प्रकृती बिघडताना बहुधा श्वास आधी वाढतो, रक्तदाब मागाहून उतरतो. दुखण्यानेही तो वाढतो. म्हणून कानडी रुग्णाला ‘नोवु इदेया?’ एवढे तरी विचारता यावे. काल १६ आणि आज २४ भरले, तर रुग्ण हसत असला तरी सिस्टरांना तत्काळ कळवावे.