आधी सावली बघा, मग ट्यूब उघडा



परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की घराघरांत एकाच तोंडून दोन हुकूम निघू लागतात. ‘तो मोबाइल ठेव आणि बाहेर जा खेळायला’ हा पहिला. मूल चपला घालून दारापर्यंत पोचतं न पोचतं तोच दुसरा येतो, ‘एवढ्या उन्हाचा कुठे निघालास?’ बिचाऱ्या मुलांनी ऐकायचं कुठलं? खरं तर दोन्ही हुकूम बरोबर आहेत. दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लवकर चष्मा लागण्याचा धोका कमी असतो, असं डोळ्यांचे डॉक्टर आता ठामपणे सांगतात. तैवानमध्ये तर मुलांना रोज दोन तास उजेडात बाहेर काढावं म्हणून शाळांतून कार्यक्रमच राबवला गेला. आणि भर दुपारच्या उन्हाने कातडी भाजते, हेही तितकंच खरं. या दोन्हींची सांगड घालायची कशी, तेवढंच आज बोलू या. सनस्क्रीनची ट्यूब त्यात येईल, पण जरा उशिराने. तिला पहिला नंबर आपण जाहिराती बघून दिलाय.

उन्हात दोन गोष्टी असतात. एक उष्णता. ती कळते. घाम येतो, तहान लागते, डोकं चढतं. दुसरे अतिनील किरण. ते दिसतही नाहीत आणि जाणवतही नाहीत, म्हणून फसगत होते ती त्यांच्या बाबतीत. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात पोरं दिवसभर हुंदडतात, कुणाला ऊन लागल्यासारखं वाटत नाही आणि रात्री अंघोळीच्या वेळी खांद्यांना हात लावू देत नाहीत. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगांतून ते बऱ्यापैकी आरपार येतात. पाण्यात अर्ध्या मीटर खोलीवरसुद्धा पृष्ठभागावरच्या सुमारे चाळीस टक्के किरण पोचतात, त्यामुळे ‘पाण्यातच तर होता!’ हा युक्तिवाद टिकत नाही. कोरडी वाळू त्यांतले पंधरा टक्के परत वर फेकते. म्हणजे दापोलीच्या किनाऱ्यावर छत्रीखाली बसवलेल्या बाळालाही ते खालून गाठतात.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, उष्माघात अडवत नाही. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात क्रीम फासून मुलाला दुपारी मैदानात सोडलं, तर कातडी कदाचित वाचेल, पण मूल आजारी पडेल. तिथे पाणी, ताक, सरबत आणि घराची सावली हाच उपाय.

मग न दिसणारे किरण ओळखायचे कसे? हवामानाच्या ॲपमध्ये ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा एक आकडा असतो. तीनच्या पुढे गेला की काळजी घ्यायची आणि आठच्या पुढे गेला की दुपारचं बाहेर जाणं शक्यतो टाळायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी तो अकराच्या वर जाणं नवलाचं नाही. पण मुलांना शिकवायला याहून सोपी युक्ती आहे, ती म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर खुशाल खेळा. उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तिखट झाले, आता झाडाखाली किंवा घरात. मे महिन्यात मुंबईत साधारण सकाळी साडेनवाच्या सुमारास सावली उंचीएवढी होते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पुन्हा तेवढी लांब होते. मधल्या वेळात ती आखडत जाते. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात एका दिवशी ती पायाखाली नाहीशीच होते. हा शून्य सावलीचा दिवस मुलांबरोबर जरूर पाहा. आणखी एक गंमत सांगते. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा मुंबई-पुण्यात भर मध्यान्ही सावली आपल्या उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. हिवाळ्यात ऊन गोड लागतं, पण दुपारच्या क्रिकेट सामन्यात ते निरुपद्रवी नसतं.

वेळेनंतरचा नंबर कापडाचा. हे आपल्या शेतकऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पहाटे रानात जायचं, ऊन चढलं की झाडाखाली भाकरी सोडायची आणि डोक्याला पटका किंवा टॉवेल बांधायचा. खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर घरातला जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, ते काही हौसेने नव्हे. आपण मात्र मुलांना उन्हाळा म्हणून बिनबाह्यांचे कपडे घालतो. त्याऐवजी सैल, पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती शर्ट द्या. उजेडाकडे धरल्यावर ज्या कापडातून पलीकडचं दिसतं, त्यातून किरणही जातात. पांढरा पातळ टी-शर्ट ओला झाला की त्याचं संरक्षण आणखी घटतं. म्हणून पोहायला पूर्ण बाह्यांचा स्विमिंग सूट बरा. क्रिकेटची कॅप कपाळ झाकते, पण कान आणि मान उघडीच राहते. मैदानावर चहूबाजूंनी काठ असलेली हॅट घालू द्या.

आता ट्यूब. आधी एक हिशेब मांडू या. डब्यावर जो एसपीएफचा आकडा असतो, तो प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेला असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण अकरा हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे अंगभर लावायचं तर एका वेळेला बावीस ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब दोनदा लावून जवळजवळ संपली! एवढं कोण लावतं? आपण बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेतो आणि चेहरा-हात सगळं त्यातच उरकतो, म्हणून ‘पन्नास’ लिहिलेल्या क्रीमचं प्रत्यक्षात पन्नास उरत नाही. पण मुलाने पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट आणि हॅट घातली, तर उघडे राहतात चेहरा, मान आणि हातांचे पंजे. त्यांना दोन-अडीच ग्रॅम पुरतं आणि तीच ट्यूब वीसेक वेळा येते. मध्यमवर्गीय खिशाला कापड हेच परवडणारं सनस्क्रीन आहे, ते या अर्थाने.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. एसपीएफ तीस किंवा त्याहून अधिक असावा. पंधराचं क्रीम नीट लावलं तर त्वचा लाल करणारे यूव्ही-बी किरण सुमारे त्र्याण्णव टक्के अडवतं, तीसचं सत्त्याण्णव आणि पन्नासचं अठ्ठ्याण्णव. म्हणून शंभर आकडा बघून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसरं, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं असावं किंवा ‘पीए’च्या पुढे तीन-चार अधिकची चिन्हं असावीत. खोलवर जाणाऱ्या, गाडीच्या काचेतूनही आत येणाऱ्या यूव्ही-ए किरणांपासूनचं संरक्षण त्यावरून कळतं. तिसरं, मूल पोहणार किंवा घामाघूम होणार असेल तर ‘वॉटर रेझिस्टंट’. लहान मुलांना झिंक ऑक्साइडचं क्रीम सहसा मानवतं. आपल्या वर्णावर त्याची पांढुरकी झाक दिसते आणि वर्गातली मुलं ‘पावडर लावून आलास का?’ म्हणून चिडवतात. मुलाला लाज वाटत असेल तर न दिसणारं दुसरं घ्या. कपाटात पडून राहिलेलं उत्तम क्रीम काही कामाचं नाही. सुगंधी आणि ‘गोरेपणा’चं आश्वासन देणारं मात्र मुलांसाठी घेऊच नका.

लावायचं घरातून निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, गेटवर नव्हे. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो. दर दोन तासांनी आणि पोहून अंग पुसल्यावर पुन्हा लावावं लागतं. स्प्रे असेल तर तोंडावर फवारू नका, श्वासाबरोबर आत जातो. आधी आपल्या तळहातावर घ्या आणि मग चोळा. नवं क्रीम पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दुसऱ्या दिवशी बघा. आणि ट्यूब उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा सनस्क्रीन लावत नाहीत. त्याला सावली आणि कापड पुरे. इथे आजीचा मुद्दा येतोच. ‘मालिश करून कोवळ्या उन्हात धरलं की हाडं मजबूत होतात.’ आजीचं वेळेचं भान अचूक आहे, कोवळं ऊन बाळाला भाजत नाही. पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे यूव्ही-बी किरण सकाळी सातला जवळजवळ नसतातच. म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज चारशे युनिटचे ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देतात. आजीचं ऊन चालू ठेवा आणि डॉक्टरांचे थेंबही. मोठ्या मुलांच्या बाबतीत सनस्क्रीनमुळे ‘ड’ कमी पडेल ही भीती बाळगू नका. रोजच्या वापरात इतकं काटेकोर कुणीच लावत नाही.

गालांवर पांढरट, खरखरीत चट्टे दिसले की घरात लगेच निदान होतं, ‘जंत झालेत’ किंवा ‘कॅल्शियम कमी पडलं.’ बहुतेक वेळा ती कोरडी त्वचा असते. आजूबाजूची त्वचा उन्हाने रापली की ते चट्टे उठून दिसतात, एवढंच. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव याने हळूहळू निवळतात. पांढरा रंग दुधासारखा ठळक असेल किंवा चट्टे वाढत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि कृपा करून रापलेला रंग उतरवायला लिंबू चोळू नका. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कोडावरच्या उपचारात बावची आणि ऊन यांची जोडी वापरतात, ती याच प्रकारच्या द्रव्यांच्या जोरावर, आणि म्हणूनच वैद्याच्या नजरेखाली. त्वचा लाल होऊन चुरचुरत असेल तर गार पाण्याचा फडका ठेवा, बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड आले किंवा ताप भरला, तर डॉक्टरांकडे जा.

‘आपली कातडी सावळी, आपल्याला कशाला सनस्क्रीन?’ असंही काहीजण विचारतात. मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य आपलं खरंच रक्षण करतं. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या तुलनेत फार कमी आहे आणि त्या भीतीने मुलांना घरात कोंडायची गरज नाही. पण उन्हाची ॲलर्जी, पुढे येणारं वांग, वयाआधीच्या सुरकुत्या आणि डोळ्यांतला मोतीबिंदू यांना मेलॅनिन पुरं पडत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून एक मोठा प्रयोग झाला. तिथली माणसं बहुतांशी गोरी आणि प्रौढ, तेव्हा आपल्याला तो जसाच्या तसा लागू नाही. पण साडेचार वर्षांनंतर रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा इतरांपेक्षा २४ टक्के कमी दिसल्या. उन्हाचा परिणाम साचत जातो, हे त्यातून समजतं.

आता थोडं अवघड बोलते. हे सगळं आपण मुलांना कोणत्या भाषेत सांगतो? मुलीला बहुधा ‘काळी पडशील’ अशा भाषेत सांगतो आणि मुलाला सांगतच नाही. परिणाम असा की मुलगी वयात येता येता मैदान सोडते आणि मुलगा सनस्क्रीनला बायकी समजून दिवसभर उघड्या मानेने खेळतो. दोघांचंही नुकसान. रंग गेला तर काय, ही भीती एकदा मनात बसली की ती उन्हापुरती राहत नाही. आरशात, फोटोत, लग्नाच्या स्थळांत, सगळीकडे सोबत येते. तेव्हा कारण खरं ते सांगा. ‘कातडी भाजू नये, डोळे शाबूत राहावेत, उद्या पुन्हा खेळता यावं, म्हणून टोपी घाल.’ रापलेला हात मैदानावर गेल्याचा पुरावा आहे, त्याबद्दल नाक मुरडायचं काही कारण नाही. आणि बाबांनी मुलांसमोर स्वतः क्रीम लावलं, तर मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही.

एक काम मात्र घरात बसून होणार नाही. मुलांचं दुपारचं ऊन बऱ्याचदा शाळेच्या वेळापत्रकातून येतं. पीटीचा तास बाराला, क्रीडादिनाचा सराव अकरा ते एक, गणवेशात टोपीला परवानगी नाही, मैदानाच्या कडेला एकही झाड नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक प्राथमिक शाळांत उन्हाच्या मोसमात ‘टोपी नाही, तर खेळ नाही’ असा नियमच असतो. मेलबर्न-सिडनीला राहणाऱ्या तुमच्या नातलगांना विचारा, त्यांच्या पोरांना तो पाठ असेल. जूनमध्ये पहिली पालकसभा होईल, तेव्हा तीनच गोष्टी मागू या. मैदानावरचे तास सकाळी पहिल्यांदा किंवा शाळा सुटण्याआधी शेवटी ठेवा, गणवेशाबरोबर हॅट चालू द्या, आणि पावसाळ्यात मैदानाच्या कडेला झाडं लावू द्या, खड्डे आम्ही पालक खणतो. एकट्या पालकाने विचारलं तर ‘बघू’ असं उत्तर मिळतं. दहाजण एकदम उभे राहिले की मुख्याध्यापक वेळापत्रक समोर ओढतात.