फवारलेले औषध मातीत किती टिकून धरले जाते?

तणनाशक जमिनीवर पडले की त्याचा काही भाग मातीच्या कणांस चिकटतो व उरलेला कणांभोवतीच्या पाण्यात विरघळून राहतो. चिकटलेला भाग जागीच राहतो. विरघळलेला भाग तणांच्या मुळांस मिळतो. परंतु पाऊस अधिक झाल्यास तोच खाली झिरपून विहिरीत उतरण्याचा संभव असतो. म्हणून ही वाटणी आधी अजमावता येणे अगत्याचे आहे.

अंदाज कसा बांधतात?

पाण्याशी फटकून राहणारी व तेलकट पदार्थांत मिसळणारी द्रव्ये मुख्यतः मातीतील सेंद्रिय द्रव्यात शिरतात. हा कल मोजण्यासाठी ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव व पाणी एकत्र ठेवून, पाण्याच्या किती पट द्रव्य ऑक्टॅनॉलमध्ये गेले ते पाहतात. कॅरिकहॉफ, ब्राउन व स्कॉट या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली असे दाखविले की, या पटीस सुमारे ०.६ ने गुणले असता सेंद्रिय कर्बाच्या धारणशक्तीचा अंक मिळतो. ॲट्राझीन या तणनाशकाची पट सुमारे ४०० असल्याने हा अंक २४० येतो. प्रत्यक्ष मोजणीत तो बहुधा १०० च्या आसपास आढळतो. अर्थात, अशा अंदाजाने दिशा कळते, नेमका आकडा नव्हे.

जमिनीचा हिशेब

हा अंक १०० धरून त्यास जमिनीतील सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणाने गुणावे. एक किलो मातीत पाव लिटर पाणी आहे असे समजू. कर्ब शेकडा अर्धा असल्यास गुणाकार ०.५ येतो व औषधाचा एक तृतीयांश भाग पाण्यात राहतो. कर्ब शेकडा दोन असल्यास गुणाकार २ येतो व पाण्यात केवळ एक नवमांश भाग उरतो.

डीडीटीचा अंक लाखांच्या घरात जातो. म्हणून ते पाण्याबरोबर फारसे झिरपत नाही. मात्र मातीत वर्षानुवर्षे राहते व धुपेबरोबर वाहून जाते. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली.

पॅराक्वाट व ग्लायफोसेट यांस हा नियम लागू नाही. ती पाण्यात सहज विरघळतात. तरीही पॅराक्वाटला चिकणमातीचे कण आणि ग्लायफोसेटला मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमची संयुगे घट्ट धरून ठेवतात.

शेतकऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

महाराष्ट्रातील काळी जमीन रंगावरून सेंद्रिय द्रव्याने संपन्न वाटते. परंतु अशा पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब शेकडा एकाहूनही कमी असतो. तेव्हा रंगावर विसंबू नये, माती परीक्षण करून घ्यावे. कर्ब कमी असेल तेथे मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नये, जोराच्या पावसाची चिन्हे असता फवारणी टाळावी व विहिरीलगतचा पट्टा सोडावा. शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत दरसाल देत गेल्यास जमिनीचा कस सुधारतो आणि औषध धरून ठेवण्याची तिची शक्तीही वाढते.