गूळ ओतण्याआधी

नेवासा

चि. अनिकेत यास,


तुझा फोन झाल्यापासून तुझ्या आजीनं धोसरा लावलाय, "पोरगं अमेरिकेत दारू गाळतंय." घरची दारू म्हटलं की तिला पांगरमल गाव आठवतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथं विषारी दारूनं माणसं गेली, ते तिच्या मनातून जात नाही. मी तिला सांगितलं, बिअर आंबवतात, गाळत नाहीत. १९७८ च्या कायद्यानं अमेरिकेत एकट्या माणसाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या आसपास बिअर घरी करता येते. गाळायला मात्र तिथंही बंदी आहे, तो मोह धरू नकोस. आणि सुट्टीत इकडं आलास की बिअरचाही उद्योग नको. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना आंबवलंस तर पंचनाम्यात त्याचं "कच्चं रसायन" होईल.

आता तुझी तक्रार. वीस लिटरच्या खेपेत तू "जरा दम यावा" म्हणून किलोभर गूळ घातलास आणि मित्र दुसऱ्याच ग्लासाला भिंतीला टेकले. अरे, आडात आहे तेच पोहऱ्यात येणार! यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि वायू करतं. वीस लिटरला किलोभर गूळ म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त वाढ. पाच टक्क्यांची व्हायची ती साडेसातच्या घरात गेली.

माझ्या गळ्यात माळ. प्रवरेच्या खोऱ्यात डिस्टिलरीत एकतीस वर्षं काढली, थेंब जिभेला लावला नाही. तरी टाकीतल्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या मळीत, किती टक्के उतरलेत ते सांगायचो, कारण हातात घनता मोजणारा हायड्रोमीटर होता. तू तो आण. यीस्ट टाकण्याआधी एक आकडा लिही, आंबणं थांबल्यावर दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा कर आणि १३१ नं गुण. घनता १.०४८ वरून १.०१२ वर आली, तर पावणेपाच टक्के.

नमुना मात्र २० अंशांवर आणून मोज. नवा होतो तेव्हा घाईत मी गरम नमुना मोजला. गरम पाणी हलकं, हायड्रोमीटर खोल बुडाला, आकडा कमी दिसला. वॉश हलका आहे असं समजून मी आणखी मळी सोडायला लावली. सकाळी टाकीवर गेलो तर फेस नाही, बुडबुडा नाही, एरवी कानात बसलेला तो खदखद आवाज नाही. जड वॉशमध्ये यीस्ट सुस्तावलं होतं. टाकीभर मळी माझ्या नावावर लागली. तेव्हापासून नमुना गार होईपर्यंत हात बांधून उभा राहायला शिकलो. नळीत हायड्रोमीटर हलकेच फिरव म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील, आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाच.

सौम्य बिअर हवी म्हणून आंबणं अर्ध्यात थांबवून बाटल्या भरू नकोस. उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटली फुटते. आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच भर. फेसासाठी लिटरला सहा-सात ग्रॅम साखर पुरे.

सौम्यपणा सुरुवातीलाच ठरव. मोजल्यावर १.०६० निघाला तर दहा लिटरचे साडेबारा कर, १.०४८ वर येईल. पाणी यीस्टच्या आधी घाल, तयार बिअरमध्ये नको. त्यातून हवा शिरते आणि चव जाते. माल्ट भिजवून करत असशील तर पाणी ६५ ऐवजी ६९ अंशांवर ठेव. मग यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते. अल्कोहोल कमी, तरी बिअर पाणचट लागत नाही. गूळ ओतून दम कुणीही आणेल. साडेतीन टक्क्यांत चव राखणं हे हाताचं काम.

आणि बाटलीवर आकडा चिकटव. पाहुण्याला आपण काय पाजतोय ते त्याला कळलं पाहिजे. नंतर त्याला गाडी चालवायची असते.

पुढच्या खेपेचे दोन्ही आकडे कळव. चवीबद्दल लिहू नकोस, मला त्यातलं काही कळत नाही.

तुझा,
आबाकाका