गांधीलमाशीचा शेजार

दिवाळीच्या साफसफाईत पोळे दिसले की आपल्याकडे एकच उपाय ठरलेला असतो. लांब काठीला चिंधी गुंडाळायची, ती रॉकेलात नाहीतर डिझेलात बुडवायची आणि पेटवून पोळ्याखाली धरायची. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर पोळे झाले तेव्हा शिपाईमामाही असाच पलिता घेऊन आले होते. मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून त्यांना थांबवणे मला भाग पडले. त्यावरून स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. पोळे कोणाचे आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि ते एकदा नीट पाहिले की बहुतेक वेळा हात लावण्याची गरज उरत नाही, हे माझे म्हणणे तेव्हाही होते व आजही आहे.

‘गांधीलमाशी’ हे नाव आपण फार सढळपणे वापरतो. कंबर बारीक, अंगावर लव कमी आणि मागे नांगी असलेला कोणताही उडता कीटक आपल्या लेखी गांधीलमाशीच. कन्नड विभागातील आमचे मित्र तिला ‘कणज’ म्हणतात. धान्याच्या कोठारालाही कन्नडात हाच शब्द आहे हे ऐकून मला आपल्या कणगीची आठवण झाली. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर अधिक प्रकाश टाकावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भेद वेगळाच आहे : काही माश्या एकेकट्या राहतात आणि काही कुटुंब करून राहतात. दंशाचे भय खरे आहे ते दुसऱ्या गटापासून.

एकट्या राहणाऱ्यांत सर्वांच्या परिचयाची ती कुंभारीण. दाराच्या चौकटीला, फोटोच्या मागे, पुस्तकांच्या कपाटात ओल्या मातीचे गोळे आणून ती घर बांधते. एका प्रकारच्या कुंभारणीचे घर तर संक्रांतीच्या सुगडासारखे घाटदार असते, त्याला गळा आणि काठसुद्धा असतो. या माशीला राखण्यासाठी कुटुंब नाही, म्हणून ती घरासाठी भांडत नाही. हाताने दाबली तरच डंख मारील.

हिच्यावरूनच आपल्याकडे भ्रमर-कीटक न्याय रूढ झाला आणि संतवाङ्मयात तो दृष्टान्त पुनःपुन्हा आला. माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, बाहेर गुणगुणत राहते, आणि त्या भयाने व ध्यासाने अळी स्वतःच माशी होऊन बाहेर पडते, अशी ही कल्पना. भक्तीचा दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे आणि त्याला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. निरीक्षणही खोटे नाही : अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे पाहणाऱ्याने अचूक पाहिले. मधले तेवढे त्याला दिसले नाही. सुगड बांधणारी माशी त्यात आधी आपले अंडे टांगते, मग डंखाने बधिर केलेल्या अळ्या आणून भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळ्या मेलेल्या नसतात म्हणून कुजत नाहीत, आणि हलू शकत नाहीत म्हणून अंड्याला इजा करीत नाहीत. अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढते. लांब नळकांडी घरे करणारी दुसरी कुंभारीण अळ्यांऐवजी कोळी भरते. जुने, भोक पडलेले घर फोडून पाहा, आत कोळ्यांच्या पायांचे तुकडे सापडतील. प्रात्यक्षिकासाठी याहून स्वस्त साहित्य नाही.

ही घरे काढायचीच असतील तर भोक पडल्यावर खरवडून काढावीत. मात्र गॅसच्या शेगडीची नळी, गीझरचे धुराडे, विजेच्या पेटीतील फटी येथे ती दिसली तर वाट पाहू नये. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. विमानाचा वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या मातीने बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा संशय होता.

बागेत आणखी एक वर्ग असतो, तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. आपल्या जिल्ह्यातील ऊस-बागायतदार खोडकिडीसाठी ‘ट्रायकोकार्ड’ पानांना टाचतात, त्यातून बाहेर पडणारे चिलटासारखे कीटक म्हणजे गांधीलमाशीचीच चुलत भावंडे. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतात. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात आढळला आणि बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. २०१० मध्ये अशीच एक चिमुकली परदेशी जात आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. परसात एका पोळ्यासाठी कीटकनाशकाचा फवारा मारताना आपण यांनाही मारीत असतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता कुटुंब करून राहणाऱ्यांकडे वळू. आमच्या खिडकीवरचे पोळे कागदाचे होते. माशी वाळक्या लाकडाचे तंतू खरवडते, लाळेत मळते आणि त्याचा पातळ पापुद्रा करून षट्कोनी घरे रचते. लाकडापासून कागद करता येईल ही गोष्ट रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ मध्ये या माशीकडे बोट दाखवूनच मांडली होती. दांडेलीच्या कागदाचा हा फार जुना पूर्वज म्हणावा. पोळे एका बारीक देठाने लटकलेले, उघडे आणि करड्या रंगाचे असते. पिलांना भरवण्यासाठी माश्या दिवसभर अळ्या वेचून आणतात. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्याने तरी त्यांना शत्रू समजू नये.

याच रोपालिडिया वंशातील एका जातीवर डॉ. राघवेन्द्र गदगकर यांनी आयुष्य वेचले. बेंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना विभागाच्या खिडक्यांवरील पोळी पाहून त्यांना या माशीची गोडी लागली. पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एकेका माशीला रंगाचा ठिपका देऊन त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे नोंदी केल्या. २००१ मध्ये त्यांचा या जातीवरील ग्रंथ हार्वर्डने प्रसिद्ध केला. या पोळ्यातील राणी दिसायला इतरांसारखीच आणि स्वभावाने मवाळ असते. तिला काढून घेतले की थोड्याच वेळात कामकऱ्यांतील एकच माशी एकाएकी आक्रमक होते, आणि तीच पुढची राणी. बाकीच्या तिला मान्य करतात. ती कोण, हे राणी असताना पाहणाऱ्याला सांगता येत नाही. एका खिडकीत एवढे भांडार असताना तेथे पलिता धरणे मला तरी पटत नाही. आमचे पोळे वावरण्याच्या वाटेवर नव्हते, म्हणून ते राहिले. त्या फळीची खिडकी आम्ही बंद ठेवली आणि विद्यार्थी काचेआडून नोंदी करू लागले.

पण प्रत्येक पोळे ठेवावे असे माझे म्हणणे नाही. जिन्यात, दाराच्या कडीजवळ, मुलांच्या हाताच्या उंचीवर असलेले पोळे काढलेच पाहिजे. लहान कागदी पोळे अंधार पडल्यावर, अंगभर जाड कपडे घालून काढावे. टॉर्च हातात धरू नये, कारण उठलेली माशी उजेडाकडे येते. तो दूर ठेवून काचेवर लाल कागद लावावा, लाल रंग तिला जवळजवळ दिसत नाही. साबणाच्या पाण्याची जोरदार धार पुरते. पलित्याने मात्र पोळ्याबरोबर छपराचा वासाही पेट घेऊ शकतो. नंतर देठ खरवडून टाकावा. सांडलेले पिकले पेरू उचलणे आणि गळका नळ दुरुस्त करणे ही कामे पोळे होण्यापूर्वीची.

झाडाच्या ढोलीतले किंवा माळ्यावरचे मोठे, कवच असलेले पोळे आणि त्यावर पोटाला पिवळा पट्टा असलेल्या काळ्या दणकट माश्या दिसल्या, तर स्वतः काहीही करू नये. ही खरी गांधील. ती कागदी पोळ्यांवरही दरोडा घालते व पिले पळवते. तिच्यासाठी सराईत माणूस किंवा अग्निशमन दलच बोलवावे. पोळे डिवचले गेलेच तर हात झाडीत उभे राहू नये. तोंड झाकून पळावे आणि खोलीचे दार लावून घ्यावे.

दंशाविषयी. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने त्वचेत अडकून राहते. गांधीलमाशीची गुळगुळीत असते, म्हणून ती पुनःपुन्हा डंख मारू शकते. एखाद्या डंखाला साबणाने धुणे आणि थंड पाण्याची घडी एवढे पुरते, मात्र बोटातील अंगठी लगेच काढावी. चुना, लोखंड, कांदा यांपैकी काहीही विषापर्यंत पोहोचत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला परसात कढीलिंब तोडताना एकच माशी चावली. घरची माणसे चुना लावीत बसली आणि तेवढ्यात आजींचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. शेजारच्या रिक्षावाल्याने न विचारता गाडी दारात आणली म्हणून त्या वाचल्या. अशी लक्षणे किंवा घेरी दिसली तर ती दंशाच्या जागेची सूज नव्हे, सर्व शरीराची प्रतिक्रिया असते. मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला उपाय, आणि तेथे मिनिटे मोजावी लागतात. पुष्कळ माश्या चावल्या असतील तर माणूस बरा दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर होतो आणि तो काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनीही प्रकट होतो. लघवी कमी किंवा काळपट झाली तर तसे डॉक्टरांना लगेच सांगावे.