दुपारी झाकून ठेव गं

तुझ्या गच्चीवरच्या, उल्का टिपणाऱ्या डब्याचा फोटो पाहिला गं. पीव्हीसीचा पाइप, वर ॲक्रिलिकचा घुमट, आत कॅमेरा आणि रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक. जोडणी इतकी नेटकी की ऊर भरून आला. पण सगळीकडून सिलिकॉनने बंद केलास आणि ठेवलास थेट स्लॅबवर. संभाजीनगरचं ऊन तुला मी काय सांगू? म्हणून आजच लिहिते आहे.

माझा पहिला डबाही असाच हवाबंद होता. पावसाच्या भीतीने एक फट ठेवली नव्हती. मे महिन्यातल्या एका दुपारी ग्लू गनने चिकटवलेली बैठक सुटली, संध्याकाळी बघते तर कॅमेरा आडवा. हे यंत्र राबतं रात्री, पण त्याचा जीव जातो दुपारी. तेव्हा आधी दुपारचं बघ.

मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तुमच्याकडे शून्य सावली दिवस येतो. सूर्य ऐन माथ्यावर, आणि तुझी लेन्सही माथ्याकडेच डोळे लावून बसलेली. घुमटातून ऊन आत शिरतं, उष्णता आतच कोंडते. रोज सकाळी घुमटावर पांढरी बादली पालथी घाल, खाली बोटभर फट ठेवून, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बांध. दिवेलागणीला काढ. आपोआप सरकणारं झाकण पुढच्या वर्षी करू.

डबाही पांढरा रंगव. स्टीलच्या डब्याचा मोह नको: चकचकीत स्टील उन्हात पांढऱ्या रंगापेक्षा जास्त तापतं, कारण घेतलेली उष्णता ते सहजी सोडत नाही. हवामान वेधशाळेतली तापमापकाची पेटी आठव: पांढरी, झडपांची, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगतो, म्हणून तुझा डबाही स्टँडवर चढव. खालून हवा आत आणि घुमटाच्या कडेखालून बाहेर, अशी वाट ठेव. दोन्ही तोंडांना बारीक जाळी लाव, नाहीतर गांधीलमाशा घर करतील.

माठासारखं ओलं फडकं गुंडाळू का, असं विचारलं होतंस. नको गं. ओल सर्किटमध्ये शिरते, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार घुमटावर बसले की सगळे तारे धुरकट.

रास्पबेरी पाय मात्र वेगळ्या डब्यात, खाली सावलीत हलव. ८० अंशांवर गेला की तो स्वतःच मंदावतो, शिवाय शेजारच्या कॅमेऱ्यालाही तापवतो. सेन्सरमध्ये प्रकाश नसतानाही थोडा प्रवाह वाहतो, आणि दर सहा-सात अंशांना तो जवळपास दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर १५ अंशांवर असताना जेवढा, त्याच्या सहा-आठपट ३३ अंशांवर. तुझ्या फोटोत रोज त्याच जागी दिसणारे लाल-निळे ठिपके त्याचेच आहेत. लेन्स झाकून काळ्या फ्रेम काढ आणि फोटोतून वजा कर, पण त्या त्याच रात्रीच्या हव्यात, जानेवारीतल्या मेमध्ये चालत नाहीत.

डिसेंबरात, मिथुन उल्कांच्या दिवसांत, सगळं उलटं होईल. घुमटावर दव धरेल. तेव्हा रास्पबेरी पाय परत वरच्या डब्यात आण, त्याची ऊब बहुतेक रात्री पुरते.

कॅमेरा उन्हाळाभर बंदच ठेव, असं कुणी म्हणेल. ऐकू नकोस. २ एप्रिल २०२२ ची पाडव्याची संध्याकाळ आठवते ना? जळत्या तुकड्यांची रांग महाराष्ट्राच्या आकाशातून गेली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली. चिनी रॉकेटचे अवशेष होते ते. तुझ्या गच्चीपासून इथे जालन्यातली माझी गच्ची साधारण ६० किलोमीटरवर. एकच उल्का दोघींच्या कॅमेऱ्यात आली, तर ती किती उंचीवर जळली ते आपल्याला काढता येतं. मला ते तुझ्यासोबत करायचं आहे, म्हणून एवढा जीव तुटतो.

येत्या रविवारी दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला डब्यातलं तापमान लिहून पाठव. पंखा लागतो की नाही ते आकडे बघून ठरवू. तोवर विकत घेऊ नकोस.