एक अडचण, दोन पेटंटे : मोबाईल कंपन्यांच्या वादातून कारागिरांनी घ्यावयाचा धडा

एखादा कारागीर वर्षभर डोके लढवून आपल्या यंत्राला नवी जोडणी बसवतो. माल चांगला उतरू लागतो. महिन्याभरात तीच जोडणी शेजारच्या गाळ्यात दिसते आणि पुढच्या ईदपर्यंत साऱ्या गल्लीत. मूळ कारागीर सांगत फिरतो की ही अक्कल माझी होती. पण त्याच्याजवळ कागद नसतो. अशा वेळी "पेटंट घ्यायला हवे होते" असे सगळेच म्हणतात. मात्र पेटंट नेमके कशाचे मिळते आणि त्याने कोणता हक्क येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची जुनी पेटंटे शेजारी ठेवून पाहिली, तर हा विषय उलगडतो. पेटंटे मोबाईल फोनची आहेत, पण धडा हातमागापासून लेथपर्यंत सर्वांना लागू आहे.

तंत्र काय होते?

बिनतारी संदेशासाठी लहरींची जागा मर्यादित असते. ती अनेकांत वाटण्याच्या दोन साध्या रीती आहेत. प्रत्येकाला वेगळी पट्टी द्यावी, किंवा एकच पट्टी सर्वांनी पाळीपाळीने वापरावी. स्प्रेड स्पेक्ट्रम ही तिसरी रीत. तीत संदेश मुद्दाम रुंद पट्टीवर पसरवला जातो. प्रत्येक फोनला स्वतःचा सांकेतिक क्रम मिळतो आणि सर्वजण एकाच पट्टीत एकाच वेळी बोलतात. आठवडी बाजारात एकाच ठिकाणी दोघे उर्दूत, दोघे कोकणीत, दोघे गुजरातीत सौदा करतात. ज्याला जी भाषा कळते ती तो टिपतो, बाकीचा नुसता गलका. तसेच हे आहे. सांकेतिक क्रमांच्या या रीतीला सीडीएमए म्हणतात.

संदेश पसरवण्याची कल्पना मात्र कोणा मोबाईल कंपनीची नव्हती. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेला संदेश शत्रूने अडवू नये म्हणून तो सतत एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारील, अशी त्यात योजना होती. पियानोच्या ८८ पट्ट्यांप्रमाणे ८८ लहरी धरल्या होत्या. युद्धकाळात नौदलाने ही योजना वापरली नाही. १७ वर्षांची मुदत १९५९ मध्ये संपली आणि शोधकांना पैसा मिळाला नाही. हा प्रकार सीडीएमएहून वेगळा असला तरी कुळ एकच. पुढे लष्करी कामात या कुळातील तंत्रे बरीच वाढली. म्हणजे १९८० च्या दशकात कंपन्या मैदानात उतरल्या, तेव्हा मूळ तत्त्व जगाला माहीत होते. जे सर्वांना माहीत आहे त्याचे पेटंट कोणालाही मिळत नाही. मग कंपन्यांनी पेटंट घेतले तरी कशाचे?

एक अडचण, दोन उत्तरे

उत्तर एका अडचणीत आहे. बाजारात एकजण ओरडू लागला की शेजारच्यांचा सौदा बुडतो. सीडीएमएत मनोऱ्याजवळचा फोन आणि दूरचा फोन सारख्याच जोराने बोलले, तर जवळच्याचा आवाज मनोऱ्यावर कोट्यवधी पटीने मोठा पोहोचू शकतो आणि दूरचा फोन गाडला जातो. प्रत्येक फोनने आपला जोर क्षणोक्षणी कमी-जास्त केला, तरच ही रीत चालते.

क्वालकॉम ही कंपनी १९८५ मध्ये सॅन डिएगो येथे अर्विन जेकब्स, अँड्र्यू विटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. तिने ऑक्टोबर १९८६ मध्ये सीडीएमए दळणवळणाचा पेटंट अर्ज केला. तो फेब्रुवारी १९९० मध्ये मंजूर झाला. वरील अडचणीवरचा खास अर्ज ७ नोव्हेंबर १९८९ चा. त्यातील उपाय दुहेरी आहे. मनोऱ्याकडून येणारा संदेश किती जोराचा आहे हे फोन स्वतः मोजतो. जोर जास्त असेल तर मनोरा जवळ आहे असे समजून हळू बोलतो. पण जाणारी आणि येणारी लहर नेहमी सारखी नसते. म्हणून मनोराही फोनचा आवाज मोजतो आणि "वाढव" किंवा "कमी कर" असा हुकूम पाठवत राहतो. पुढे १९९३ मध्ये या तंत्राचे जे मानक ठरले, त्यात हा हुकूम सेकंदाला ८०० वेळा जातो. हे पेटंट ऑक्टोबर १९९१ मध्ये मंजूर झाले.

दुसरीकडे न्यूयॉर्कचे प्राध्यापक डोनाल्ड शिलिंग यांची एससीएस मोबाइलकॉम ही कंपनी होती. तिचा भर क्वालकॉमपेक्षा बऱ्याच रुंद पट्टीवर होता. फोनचा जोर परिस्थितीनुसार आपोआप जुळवण्याच्या पेटंटासाठी तिने नोव्हेंबर १९९० मध्ये, म्हणजे क्वालकॉमनंतर सुमारे एक वर्षाने अर्ज केला. मार्च १९९२ मध्ये तेही मंजूर झाले. त्याच वर्षी पेनसिल्वेनियातील एका कंपनीने एससीएस विकत घेतली आणि स्वतःचे नाव इंटरडिजिटल ठेवले. दुकान किंवा जमीन विकत घ्यावी तशी पेटंटेही तिच्या मालकीची झाली.

दोघांनाही कसे मिळाले?

अडचण एक, उद्देश एक, तरीही पेटंटे दोन. याचे कारण पेटंटाच्या शेवटी जे क्रमवार "दावे" लिहिलेले असतात त्यांत आहे. आधीची पाने आणि आकृत्या समजूत देतात. हक्काची हद्द फक्त दावे ठरवतात. "फोनचा जोर जुळवणे" यावर कोणालाच मालकी मिळाली नाही. काय मोजायचे, कोठे मोजायचे, कशाशी ताडून पाहायचे आणि मग काय करायचे, ही ठराविक मांडणी ज्याची त्याची ठरली. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा, तसे पेटंटात दावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पेटंट म्हणजे आपली वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे. दुसऱ्याला ती बनवण्यापासून रोखण्याचा हक्क आहे. आपले पेटंट हातात असूनही आपल्या वस्तूतील एखादा भाग दुसऱ्याच्या दाव्यात येऊ शकतो. या दोन कंपन्यांत हेच झाले. वाद न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये तडजोडीने मिटला. क्वालकॉमने इंटरडिजिटलला ५५ लाख डॉलर एकरकमी देऊन तिची ठराविक पेटंटे वापरण्याची मुभा घेतली. इंटरडिजिटललाही क्वालकॉमची काही पेटंटे रॉयल्टी देऊन वापरण्याची मुभा मिळाली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने १९९६ मध्ये क्वालकॉमवर दावा लावला होता. तोही मार्च १९९९ मध्ये परस्परांना परवाने देऊनच मिटला. अखेर बाजी मारली ती ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही लिहून ठेवलेले होते त्यांनी.

आपल्याकडे २००२-०३ पासून सीडीएमए फोन घरोघर पोहोचले आणि २०१० च्या दशकात ती सेवा बंद झाली. आता वर सांगितलेल्या सर्व पेटंटांची मुदत संपली असून ते ज्ञान कोणीही वापरू शकतो. मुदतीपुरता हक्क आणि नंतर सर्वांचा फायदा, हाच पेटंटाचा सौदा आहे.

शरीअतच्या दृष्टीने

न दिसणाऱ्या वस्तूवर मालकी कशी, असा प्रश्न काही बांधव विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवैत येथील बैठकीत ठराव केला की व्यापारी नाव, लेखनाचे हक्क आणि शोधाचे हक्क हे मालकाचे खास हक्क असून त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. तेव्हा दुसऱ्याची नोंदलेली मांडणी चोरून वापरणे ही हुशारी नव्हे, हक्क मारणे आहे. आणि सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहेच.

आपण काय करावे?

१. आधी अर्ज, मग प्रदर्शन. क्वालकॉमने सॅन डिएगोत आपल्या तंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९८९ मध्ये केले. मुख्य अर्जही त्याच महिन्यातले. भारतात काही मोजके अपवाद सोडले तर आधी उघडपणे विकलेल्या किंवा छापलेल्या वस्तूचे नावीन्य संपते. तयारी अपुरी असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख धरता येते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. महाराष्ट्राचे पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे.

२. वही ठेवा. कोणत्या दिवशी काय करून पाहिले, काय फसले, हे तारखेसह लिहा. भारतात अर्जाची तारीख निर्णायक असली, तरी शोध कोणाचा हा वाद उठल्यास वही उपयोगी पडते.

३. दावे जाणकाराकडून लिहून घ्या. हद्द फार अरुंद ठेवली तर शेजारी एक खिळा बदलून सुटतो. फार रुंद मागितली तर अर्ज नामंजूर होतो.

४. प्रत्येक गोष्टीसाठी पेटंट नाही. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाचे पेटंट भारतात मिळत नाही. नव्या नक्षीसाठी किंवा आकारासाठी डिझाईन नोंदणी आहे. ती १० वर्षे चालते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षे, आणि तेही ज्या देशात घेतले त्याच देशापुरते.

५. शागिर्दाचा हक्क विसरू नका. शोधक म्हणून त्याचेच नाव लिहावे ज्याने शोध लावला. मालकी, मोबदला आणि वाटा कामाच्या आधीच लिहून ठरवा.

हाताचे कसब अल्लाहने दिले आहे आणि त्यावर घर चालते. त्या कसबातून जे नवे निघेल ते गल्लीत दाखवण्याआधी कागदावर उतरवा, म्हणजे "ही अक्कल माझी होती" हे नुसते सांगत फिरण्याची वेळ येणार नाही.